आईचं पुस्तक आणि दादाचं बेट

ता. ४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार पानी पत्रात समुद्र तीन पानं, माझी चौकशी अर्धं पान आणि उरलेल्या अर्ध्या पानात झाडाला बांधलेल्या नव्या झोपाळ्याची मापं. पुस्तकाबद्दल एकच वाक्य: 'लिखाण रंगात आलं आहे.' हेच वाक्य जूनच्या पत्रात होतं आणि एप्रिलच्याही. विमा कचेरीत दावे तपासण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, दादा. एकच वाक्य तीन कागदांवर आलं की आमच्याकडे ती फाइल बाजूला काढतात.

विसरला असशील तर आठवण करून देते. तू वर्तमानपत्रातली नोकरी मुदतीआधी सोडलीस आणि डॉक्टर मित्राचं रिकामं घर वर्षभर सांभाळायला त्या बेटावर गेलास, ते आईवर पुस्तक लिहायला. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर असलेल्या बाईवर अजून कुणी लिहिलं नाही, हे तूच प्रकाशकांना सांगितलंस आणि तेही हो म्हणाले. इथे दोन खोल्या, खाली गॅरेज, वर सतत वाजणारा रेडिओ, त्यात लिहिणं होत नाही हेही तूच म्हणालास. सगळं कबूल. पण मेंदूच्या डॉक्टरांनी मार्चमध्ये काय सांगितलं, ते तुझ्यासमोरच सांगितलं होतं. आईची आठवण वर्षभर बरी राहील, पुढचं त्यांना सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात तिनं मला दोनदा मावशीच्या नावानं हाक मारली. मी दुरुस्त केलं तर म्हणाली, तेच ते.

पुस्तक छापून यावं ही माझी घाई नाही. आई आई आहे तोवर तिला ते ऐकता यावं, एवढीच आहे. तेव्हा झालं असेल तेवढं पाठव. कच्चं असलं तरी चालेल.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे आणि थोडा संशयही आहे. दुसरा वाढू नये एवढं पाहा.

तुझी,
फौजदार

ता. १९ ऑगस्ट

चि. फौजदार हीस,
अनेक आशीर्वाद.

साखरेच्या डब्यातल्या बोटांच्या खुणांवरून मला पकडून दिलंस, तेव्हा तुझं हे नाव पडलं. पन्नाशी आली तरी ते तू सार्थ करते आहेस. इथे टपालाची होडी आठवड्यातून दोनदा येते. तुझं पाकीट दिसलं की वाटतं आता झडती होणार.

लिहिणं म्हणजे तुमचे दावे निकाली काढणं नव्हे, बाई. त्याला बैठक लागते. आधी टेबल खिडकीशी ठेवलं, तर नजर समुद्रावर जाऊन बसायची. मग भिंतीकडे वळवलं, तर भिंतीवरच्या पाली मोजत बसलो. आता व्हरांड्यात आणलं आहे. त्याचा एक पाय आखूड निघाला, म्हणून सुताराकडून पाचर ठोकून घेतली. सुतार भला माणूस, त्याच्या भावाची होडी आहे. रोज पहाटे मी त्याच्याबरोबर जाळी टाकायला जातो आणि दहाच्या सुमारास परततो. समुद्रावर डोकं काय स्वच्छ होतं म्हणून सांगू! त्यानंतर आंघोळ, जेवण आणि थोडी डुलकी. चारनंतर उन्हं कलली की सगळं पुस्तक डोळ्यांसमोर उभं राहतं.

पुरावा हवा ना तुला? येताना पाचशे कागदांचं रीम आणलं होतं, त्यातलं निम्मं संपत आलं आहे. आता तरी गप्प बस.

आईला माझा नमस्कार सांग. तिला म्हणावं, तुझ्यावरच लिहितो आहे. तुमच्या वहिनीची तब्येत उत्तम. दुपारी तिला कुणाची सोबत नसते, पण ती रमते.

तुझ्यावर माझा लोभ आहे, तुझ्या कचेरीवर नाही.

तुझा,
दादा

ता. १ सप्टेंबर

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम वेगळ्या पाकिटात आणि तुझ्या नावावर टाकते आहे. दादाला दाखवलंस तरी हरकत नाही, पण दाखवू नकोस.

मला सरळ विचारायचं आहे. दादा लिहितो का? तो लिहीत असता तर त्यानं आत्तापर्यंत मला छळून सोडलं असतं. शाळेत दोन ओळींची कविता केली तरी तो घरभर ऐकवत हिंडायचा. आता निम्मं रीम संपलं म्हणतो आणि एक पान पाठवत नाही. कुठेतरी पाणी मुरतं आहे. तो आजारी आहे का? प्रकाशकांशी बिनसलं का? की तिथल्या हवेत नुसता लोळतो आहे आणि तू त्याला पांघरूण घालते आहेस? तू बोलायला मोजकी, त्यामुळे तुझ्याकडून काही काढून घेणं मला कधी जमलं नाही. निदान लिहून तरी कळव.

आई ठीक आहे, म्हणजे खाते-पिते. परवा आपली एक्सचेंजची साडी कुठे म्हणून तिनं कपाट उपसलं. ती साडी सोडून तिला एकवीस वर्षं झाली. मी कचेरीतून येईपर्यंत शेजारच्या शिक्षिका तिच्याजवळ बसतात. मला रजा मिळत नाही आणि मिळाली तरी तिच्याशी काय बोलावं ते सुचत नाही, हेही खरं.

उत्तर लौकर दे. माझ्यावर आहे तेवढा जीव असू दे.

तुझी,
वन्सं

ता. १४ सप्टेंबर

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. काळजी करू नये. यांची प्रकृती छान आहे, वजन जरा वाढलं आहे. रोज सकाळी सात ते दहा व्हरांड्यात बसून लिहितात. तेव्हा मी हाकसुद्धा मारत नाही.

साडीचं वाचून वाईट वाटलं. ती निळ्या काठाची होती ना? सासूबाई म्हणायच्या की पदर खांद्यावर दोन पिनांनी पक्का करावा लागे, नाहीतर फोन जोडायच्या बोर्डाच्या दोऱ्यांत अडकायचा. त्यांना अजून दुपारी झोप लागत नाही का? नसेल तर दोनच्या पुढे कुणीतरी जवळ बसावं. त्या वेळी त्या बोलत्या असतात. तुम्हाला रविवारी जमेल.

आणखी एक विचारायचं होतं. घरचा फोन वाजला तर त्या अजून हातातलं टाकून धावतात का?

तुमची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
वहिनी

ता. १ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज जरा कामाचं. माझ्यापुढे दोन कागद आहेत. एकात तू लिहितोस, की रोज पहाटे सुताराच्या भावाबरोबर होडीत जातो आणि दहाला परततो. दुसऱ्यात वहिनी लिहिते, की रोज सकाळी सात ते दहा तू व्हरांड्यात लिहीत बसतोस. एकच माणूस एकाच वेळी समुद्रात आणि व्हरांड्यात? नवरा-बायकोनं थाप मारायची तर आधी बसून ठरवून घ्यावं. तुम्हाला तेवढंही लिहून ठेवायचा कंटाळा.

वहिनीला बोलू नकोस. ती तुला सावरायला गेली आणि फसली. तिला थाप मारता येत नाही म्हणूनच ती बरी. पण ते निम्मं रीम कुठे गेलं? होड्या करून सोडल्यास का पाण्यात?

आता ऐक. दिवाळखोर व्यापाऱ्यालाही आम्ही मुदत देतो, तशी तुला देते. महिनाअखेर एक तरी प्रकरण माझ्या हातात पडलं पाहिजे. नाहीतर साठलेली सगळी रजा टाकून मी आईला घेऊन त्या होडीत बसेन आणि तुझ्या झोपाळ्यासमोर खुर्ची टाकेन. काल आईला विचारलं, तुझा मुलगा काय करतो? म्हणाली, वर्तमानपत्रात आहे, रात्रपाळीला. मग बराच वेळ विचार करून म्हणाली, मुलगी पण आहे एक. दादा, मी तिच्या समोर बसले होते. मला फार लागलं ते.

लोभ राखण्याचं आता तुझ्या हातात.

तुझी,
फौजदार

ता. १७ ऑक्टोबर

चि. फौजदार हीस,
अ. आ.

होडी सुटायला दहा मिनिटं आहेत, म्हणून थोडक्यात. सोबत प्रकरण चौथं, पानं अकरा. अक्षर तुझ्या वहिनीचं आहे. मी सांगत गेलो, तिनं उतरवून घेतलं. पहिली तीन प्रकरणं पक्की करतो आहे. आता खुर्ची टाकायची गरज नाही.

आईनं तुझ्यासमोर ते म्हटलं, त्याचं मनावर घेऊ नकोस. मलाही रात्री झोप लागली नाही.

लोभ असू दे. होडीवाला ओरडतो आहे.

तुझा,
दादा

ता. ५ नोव्हेंबर

ती. दादास,
नमस्कार.

मायना आज एवढाच.

तुझं प्रकरण मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. पहिली पाच पानं वाचून तुझी क्षमा मागायचं ठरवलं होतं. बोर्डापुढची उंच खुर्ची, दिवा पेटला की दोरी खुपसून 'बोला' म्हणणं, जोडून दिल्यावर ऐकायचं नाही हा नियम, कानाला टोचणारा तो हेडफोनचा पट्टा. मला आई इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती.

आणि मग सहावं पान. बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या कारखान्यातून आलेला फोन आईच्याच बोर्डावर आला आणि तो तिनंच घेतला, असं तू लिहितोस. कारखान्याच्या माणसानं एक्सचेंजच्या मुख्य बाईंची खोली मागितली. तिथली लाइन चालू होती, म्हणून आईनं त्याला चार मिनिटं ताटकळत ठेवलं. दोनदा गोड आवाजात म्हणाली, जरा थांबा साहेब. आपण कुणाशी बोलतो आहोत हे त्याला माहीत नाही, तो कशासाठी बोलतो आहे हे तिला माहीत नाही. लाइन मोकळी झाल्यावर तिनं जोडून दिलं आणि नियमाप्रमाणे ऐकलं नाही. मग मुख्य बाईंचं बोलावणं आलं. तेव्हा हातातले तीन कॉल पुरे करून, शेजारणीला बोर्डावर लक्ष ठेवायला सांगून ती उठली.

हे तुला कुणी सांगितलं? बाबा गेले तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी नऊ. आई कचेरीच्या गाडीतून दुपारीच घरी आली, एवढंच आपल्याला माहीत. त्यावर ती कधीच बोलली नाही आणि आपणही विषय काढला नाही. मग हे आलं कुठून? पुस्तक रंगावं म्हणून बाबांच्या मरणाला मीठमसाला लावलास का? एक वेळ आयुष्यभर नुसता झोपाळ्यात लोळलास तरी मी माफ करेन. हे नाही करणार.

ही पानं मी आईला वाचून दाखवलेली नाहीत. खोटं असेल तर दाखवणारही नाही. हे तुला कुणी सांगितलं, कधी सांगितलं आणि तेव्हा तिथे आणखी कोण होतं, तिन्ही गोष्टी लिहून पाठव. नाहीतर पुस्तकाचं नाव काढू नकोस.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.

फौजदार

ता. १९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी देते, कारण यांच्याकडे ती नाहीत. सांगितलं सासूबाईंनी. अकरा वर्षांपूर्वी. तिथे मी एकटीच होते.

माझा पाय मोडला होता, ते आठवत असेल. सहा आठवडे मी बाहेरच्या खोलीत प्लॅस्टर घालून पडून होते. तुम्ही कचेरीत, हे वर्तमानपत्रात. सासूबाई रोज दुपारी दोन वाजता स्टूल घेऊन माझ्याजवळ बसायच्या, साडेचारपर्यंत. एक दिवस त्या दूध तापवत होत्या आणि फोन वाजला. त्या धावल्या, दूध सगळं उतू गेलं, शेगडी विझली. पलीकडे कुणीतरी चुकीचा नंबर फिरवला होता. तुम्ही दोघं नेहमी हसायचा ना, की आईची ऑपरेटरची सवय जात नाही म्हणून? मीही हसले. मग सहज विचारलं, एवढं काय धावायचं, दोन मिनिटं वाजू द्यायचा. तर म्हणाल्या, मी एकदा एका माणसाला थांबवलं होतं. आणि मग ते सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. सांगून झाल्यावर उठून शेगडी पुसली.

कुणाला सांगू नकोस असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मी सांगितलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही त्यांची मुलं.

आता बाकीचं. या बेटावर दुपार फार मोठी असते. हे झोपले की मी त्यांच्या रीमातले कागद घ्यायचे आणि आठवेल तसं लिहायचे. सोबत म्हणून. कागद कमी होतात हे यांच्या लक्षात आलं, पण मी कपाटाच्या फळ्यांना लावते असं ते समजले. तुमचं मुदतीचं पत्र आलं तेव्हा यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी अकरा पानं पुढे केली. होडी सुटत होती. यांनी ती वाचली नाहीत, तशीच पाकिटात घातली. त्या फोनचं यांना तुमच्या रागावलेल्या पत्रातून कळलं. पत्र हातात घेऊनच माझ्याकडे आले आणि विचारलं, कुठला फोन?

मी खोटं लिहिलं, सात ते दहाचं. त्याची क्षमा करावी. पानांतलं मात्र एक अक्षर खोटं नाही.

आपली,
वहिनी

ता. २० नोव्हेंबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

वहिनीच्या पाकिटातच हे घालतो. आज फौजदार म्हणत नाही.

आठ महिन्यांत मी एक ओळ लिहिलेली नाही. खरं म्हणजे एकच ओळ चाळीसदा लिहिली: 'माझी आई टेलिफोन ऑपरेटर होती.' त्यापुढे काय, ते मला माहीतच नव्हतं. तिचा जेवणाचा डबा माहीत होता, तिची पाळी माहीत होती, घरी आल्यावर ती पाय पाण्यात घालून बसायची ते माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच हे माझ्या ध्यानात आलं. हे कुणाला कळू नये, मलासुद्धा, म्हणून मग झोपाळा बांधला, टेबल फिरवलं, जाळी टाकली. मी आळशी आहेच. पण या वेळी आळसापेक्षा भीती जास्त होती. पंचावन्न वर्षं मी तिचा मुलगा आहे आणि तिला एकही प्रश्न विचारला नाही. वर्तमानपत्रात असताना अनोळखी माणसांना दिवसाला पन्नास विचारायचो.

तुझं पत्र वाचून मी किनाऱ्यावर जाऊन बसलो, तो जेवायलाही उठलो नाही. आईला बातमी कशी कळली हे मला माझ्या बहिणीच्या शिव्यांतून कळावं!

मित्राला घराची दुसरी सोय करायला कळवलं आहे. बारा डिसेंबरच्या होडीनं आम्ही दोघं निघतो. तोवर सोबतचे सतरा प्रश्न तू आईला विचार. पहिल्या दिवशी बोर्डापुढे बसताना तिला काय वाटलं, हा पहिला. उत्तरं येतील तशी लिहून ठेव.

रागावलेलीच राहा, पण पत्र लिही.

तुझा,
दादा

ता. ४ डिसेंबर

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दोघांची पत्रं एकाच पाकिटात आली, म्हणून उत्तरही एकच.

वहिनी, तुझं पत्र वाचून आधी आनंद झाला नाही, पोटात दुखलं. खरं ते लिहिते. मी या घरात पन्नास वर्षं राहते आहे. आई माझ्याशी का बोलली नाही आणि तुझ्याशी का बोलली, या विचारानं दोन दिवस मी तुझा राग राग केला. मग आठवलं, की ते दूध उतू गेलं त्या दिवशी घरी आल्यावर पातेलं मीच घासलं होतं आणि घासताना कुरकुर केली होती. विचारलं तू. वाद मिटला.

दादा, तुझे सतरा प्रश्न घेऊन मी शनिवारी आईसमोर बसले. पहिल्याला ती हसली. दुसऱ्याला म्हणाली, तुम्ही कोणत्या कचेरीतून आलात? तिसरा मी विचारला नाही. कागद घडी करून ठेवला. तुला हे होडीत बसण्याआधी कळलेलं बरं. तू ये, जरूर ये, पण वही-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसू नकोस. नुसता बस. दुपारी दोनला. तेवढं मीही आता करते, आजपासून अर्ध्या दिवसाची नोकरी मागून घेतली आहे.

काल रविवारी मी तिला ती अकरा पानं वाचून दाखवली. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मध्ये एकदाही उठली नाही. थांबवलेल्या माणसाचं आलं तेव्हा मी थांबले, तर तिनंच पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि पुढे वाच म्हणून खूण केली. शेवटापर्यंत ऐकलं. मग म्हणाली, मोठी धीराची बाई. मी विचारलं, ओळखतेस का तिला? नाही म्हणाली. एक्सचेंजमध्ये पुष्कळ जणी होत्या, त्यांतली कुणी असेल.

पानं मी मिटली. तेव्हा तिनं मला विचारलं, की त्या बाईला घरी गेल्यावर कुणी काही विचारलं का गं?

दादा, त्या दिवशी ती दारात आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, आज इतक्या लौकर कशी आलीस? आणि तिचं उत्तर न ऐकताच खेळायला पळाले होते. हे मी तिला सांगू शकले नाही. मी म्हटलं, सुनेनं विचारलं.

तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, मग बरं.

सांभाळून या. मला तुमच्या लोभाची फार गरज आहे.

तुमची,
ताई